लोंढ्यांचा कान

ज्याच्या सुपाएवढ्या कानांत भक्ताची हाक, मूषकाची खुसखुस आणि आपल्या मंडळाच्या ध्वनिक्षेपकाची किंकाळी ही सारखीच मायेने सामावते, त्या श्रीगजाननाला प्रथम वंदन करतो. लेस्टरच्या आपल्या मंडळाची यंदाची गणेशोत्सव-स्मरणिका सिद्ध होत आहे आणि तिच्यासाठी मी काही लिहावे, अशी संपादकांची आज्ञा आहे. मी जन्मभर संस्कृत शिकवले आणि येथे मुलाकडे राहावयास आल्यापासून आपणां सर्वांच्या घरी पूजा सांगतो. त्यामुळे माझ्याकडून एखाद्या व्रताचे माहात्म्य येईल, अशी त्यांची समजूत असावी. परंतु यंदा मला एका माणसाविषयी लिहावयाचे आहे. गणपतीचे कान आरंभीच आठवले, तेही त्याच्यामुळेच.

श्री. यशवंत लोंढे दिसेल ती वस्तू वाजवून पाहतात. उजव्या हाताचे पहिले बोट दुमडायचे, त्याच्या मधल्या पेराने टक् टक् करायचे, कान जवळ न्यायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "आतून काय म्हणतंय, ते बघू." नारळ किंवा कलिंगड असे वाजवून घेण्यास कोणाची हरकत नसते. परंतु लोंढे समई वाजवतात, दाराची चौकट वाजवतात, बसमधला उभा दांडा वाजवतात. एका लग्नात त्यांनी आहेराचे लोखंडी कपाट वधूपित्यासमोर वाजवले आणि असे काही दुःखाने मान हलवली, की त्या गृहस्थांनी जेवण अर्धे टाकले. बेलग्रेव्ह रोडवरचे एक गुजराती भाजीवाले त्यांना दुरून पाहताच कलिंगडांवर गोणपाट टाकीत. याच देशात जन्मलेल्या आपल्या मुलांनी त्यांचे नाव टकटककाका ठेवले, आणि लोंढ्यांना ते एखाद्या पदवीसारखे आवडले.

माझ्या घरी ते प्रथम आले, तेव्हा मी पूजेला बसलो होतो. पूजा आटोपताच त्यांनी माझ्या हातातली घंटा मागून घेतली. ती माझ्या वडिलांची. लोंढ्यांनी नखाने तिच्या कडेवर टिचकी मारली, कान लावला आणि एखाद्या वैद्याने रुग्णाच्या नातलगांना बाजूला घ्यावे, तसे मला खिडकीपाशी नेले.

"गुरुजी, घंटा गेली."

"गेली म्हणजे? ही काय तुमच्या हातात आहे!"

"आतून तडा आहे. डोळ्यांना दिसणार नाही. पण नाद मरतोय."

भंगलेली घंटा पूजेत चालत नाही. मी ती सोवळ्याच्या वस्त्रात गुंडाळून कपाटात ठेवली आणि बाजारातून नवी आणली. तिचा आवाज सायकलच्या घंटीसारखा होता. रोज सकाळी ती वाजवताना देव दारातून बाजूला सरकून वाट देतील, असे मला वाटे.

लोंढ्यांच्या या सवयीला कुळ होते. कॉव्हेंट्रीतल्या एका कारखान्यात ते यंत्रांचे ओतीव भाग तपासण्याचे काम करीत. भाग टांगायचा, हातोडीने हलकेच ठोकायचा आणि नादावरून ठरवायचे, हा पुढे जाईल की पुन्हा भट्टीत. पुढे कारखाना बंद पडला. बरोबरीचे लोक बागकामाला लागले. लोंढ्यांनी आपल्या घराच्या मागच्या खोलीत कंपनी काढली. त्या कंपनीत एक जुने मोजयंत्र, एक चहाची किटली आणि स्वतः लोंढे, एवढा परिवार होता.

कंपनी करीत काय होती, ते मला समजले तसे सांगतो. या देशात म्हातारपणी खुब्याचे हाड झिजले की धातूचा सांधा बसवतात. तो पुढे कधी सैल होतो, कधी त्यात सूक्ष्म चीर जाते. क्ष-किरणांच्या चित्रात ते दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. लोंढ्यांचे म्हणणे असे, की दिसण्याच्या कितीतरी आधी तो सांधा कुरकुरतो. फक्त ऐकणारा हवा. त्यासाठी त्यांनी सुपारीएवढा एक कान केला होता. तो कमरेवर चिकटवायचा, माणसाला चालायला लावायचे आणि आतले ऐकायचे. "माणूस म्हणतो, आय ॲम फाइन. सांधा काय म्हणतो, ते महत्त्वाचं," हे त्यांचे दुसरे लाडके वाक्य.

असे काम एकट्याने तडीस जात नाही, हे लोंढे सोडून सर्वांना कळत होते. सावकारी पैशाला पुढच्या वर्षी फळ हवे असते. आणि असा कान निर्दोष होण्यास बरीच वर्षे लागतात. त्यासाठी सरकारी निधी होता, आणि त्याहून मोठा म्हणजे सगळ्या युरोपने मिळून उभारलेला. ही वार्ता त्यांच्यापर्यंत आणली केतकीने. केतकी आपल्याच मंडळातली, लेस्टरमध्ये जन्मलेली; छोट्या उद्योगांना असे निधी मिळवून देण्याचे काम करणाऱ्या एका कचेरीत ती होती. लोंढ्यांनी तिचे सगळे ऐकून घेतले आणि एकट्याच्या नावाने अर्ज केला. तो परत आला. त्या दिवशी मी तिथेच बसलो होतो.

"काका, मी सांगितली होती ना! असा नाही चालणार. त्यांना कन्सॉर्शियम पाहिजे, पार्टनर्स. तीन कंट्रीज, ॲट लीस्ट."

"माझा कान मी कोणाला देणार नाही."

"कोणी घेत नाहीये तुमचा कान! दे जस्ट वॉन्ट टू नो, की तुम्ही नसलात तर मशीन कोण ऐकणार?"

"मी कुठे चाललोय?"

"काका, यू आर सिक्स्टी-टू!"

लोंढ्यांनी टेबल वाजवले, कान लावला आणि म्हणाले, "टेबल ठीक आहे." मग त्यांनी खिडकीबाहेर पाहिले आणि आम्हां दोघांना उठवले. उजेड कमी होऊ लागला की लोंढ्यांच्या घरात पाहुणा चालत नसे. कितीही मोठा माणूस असो, चहा अर्धा असो, ते दाराशी जाऊन उभे राहत. लोक याला विक्षिप्तपणा म्हणत आणि बाहेर पडून कोटाची बटणे लावीत.

केतकी हटली नाही. पोरीचा निश्चय असा, की तिने स्वतःच भागीदार शोधले. दक्षिण जर्मनीत एक लहान कारखाना चालवणारे क्लाउस. ते सुपारीएवढ्या कानाचा वाटाणा करून देणार होते. बुडापेस्टच्या इलोनाबाई गणितज्ञ. आवाजांच्या गर्दीतून नेमका आवाज वेगळा काढण्याची त्यांची विद्या. आणि लीड्सच्या एका रुग्णालयातले हाडांचे डॉक्टर. त्यांचे रुग्ण चालून दाखवणार होते. पहिली भेट लेस्टरला ठरली. जेवण माझ्या घरी, कारण लोंढ्यांच्या स्वयंपाकघरात ताट एकच होते.

सूनबाईंनी वरणभात, बटाट्याची भाजी आणि श्रीखंड केले होते. लीड्सचे डॉक्टर श्रीखंडाला सॉस समजून बटाट्यावर घेत होते. त्यांना कोणी अडवले नाही. लोंढे मात्र जेवत नव्हते. ते क्लाउसच्या बॅगेला, इलोनाबाईंच्या चष्म्याच्या डबीला टकटक करीत होते. अखेरीस त्यांनी मला म्हटले, "गुरुजी, ती घंटा काढा."

मी कपाटातून घंटा आणून तिचे वस्त्र सोडले. लोंढ्यांनी घंटा इलोनाबाईंपुढे ठेवली. "हिच्यात तडा आहे. मला एका टिचकीत कळला. तुमच्या गणिताला कळतो का, सांगा."

परीक्षा घेण्याची ही वेळ नव्हती. केतकीने कपाळाला हात लावला. इलोनाबाई मात्र रागावल्या नाहीत. त्यांनी लोंढ्यांचाच सुपारीएवढा कान घंटेला चिकटवला, चमच्याने टोल दिला आणि संगणकावर उमटलेल्या रेघांकडे पाहत राहिल्या. पुन्हा टोल. पुन्हा पाहणे. मग म्हणाल्या, "तडा नाही."

"मॅडम, मी आयुष्यभर हेच केलंय."

"तडा असता तर दोन सूर भांडले असते. इथे सूर एकच आहे, निर्मळ आहे. फक्त लवकर दमतो. कोणीतरी त्याला धरून ठेवलंय."

सूनबाईंनी घंटा उचलली, उजेडात उलटी धरली आणि केसांतला आकडा काढून आत खरवडले. टेबलावर खपली पडली. चंदन, कुंकू, अबीर. पूजेत घंटेला गंध लावताना वडील एक बोट आतल्या कडेलाही लावीत. मीही तसेच लावीत आलो. बाहेरून घंटा रोज घासली जाई, आत कोण पाहतो? दोन पिढ्यांची भक्ती तिथे वाळून बसली होती. सूनबाईंनी घंटा धुऊन पुसून माझ्या हाती दिली. मी ती वाजवली आणि वडिलांच्या देवघरातला नाद लेस्टरच्या त्या जेवणघरात घुमला.

लोंढ्यांनी घंटा घेतली, पुन्हा पुन्हा वाजवली. अखेर क्लाउसने कान झाकले.

"गुरुजी, माझा कान चुकला."

"चुकला नाही. नाद मरतोय, हे तुम्हीच ऐकलेत. का मरतोय, ते यांनी सांगितले. आणि आकडा सूनबाईंचा."

त्यांनी घंटा माझ्यापुढे ठेवली. मग ताट पुढे ओढले, वरणभात मागून घेतला आणि जेवता जेवता म्हणाले, "केतकी, मांड तुझा संसार. चौघांचा."

परंतु चौघांचा संसार मांडला तो लगेच अडखळला. लीड्सच्या डॉक्टरांचे म्हणणे सरळ होते: रुग्ण लीड्सला, प्रयोगशाळा लीड्सला, तेव्हा लोंढ्यांनी कंपनी घेऊन लीड्सला यावे. विद्यापीठाशेजारी नवी कोरी इमारत होती, जागा मिळत होती. लोंढे म्हणाले, "नाही." कारण विचारले, तर म्हणाले, लीड्सला वारा फार. वाऱ्याचा बंदोबस्त झाला, तर म्हणाले, तिथल्या नव्या भिंती मुक्या आहेत.

"भिंती मुक्या?" केतकी माझ्यासमोर अक्षरशः रडकुंडीला आली. "गुरुजी, तुम्ही सांगा त्यांना. अर्ज जायचा आहे. सगळे एव्हरीथिंग ड्रॉप करून आले आणि हे भिंत-भिंत करतायत!"

"लोंढे, जाण्याला अडचण काय?"

"जाईन की. रोज जाईन. राहणार नाही. संध्याकाळी लेस्टर." एवढे बोलून त्यांनी खिडकीकडे पाहिले आणि आम्हांला उठवले.

दुसऱ्या दिवशी दूरध्वनीवर सर्व भागीदारांची बैठक होती. केतकीने मलाही बसवून घेतले. वाद तापला, तेव्हा मी बोलण्याची अनुज्ञा मागितली. मी म्हटले, "मी गरिबाचा मुलगा. माझे शिक्षण वार लावून झाले." आणि ते काय, ते सांगितले. पाठशाळेच्या गावात सोमवारी एका घरी जेवायचे, मंगळवारी दुसऱ्या, अशी सात घरे. एकाही घराला एका परक्या मुलाचे सगळे ओझे पेलले नसते. सातांनी वाटून घेतले म्हणून मी शिकलो. "पण त्यांपैकी कोणीही मला म्हटले नाही, की तू आमच्याच घरी येऊन राहा, तरच जेवायला वाढू. मी ज्या त्या वारी ज्याच्या त्याच्या घरी जाई आणि रात्री आपल्या पाठशाळेत परते. तुमचा हा युरोपचा निधी मला तसाच वाटतो. हा कान म्हणजे तो मुलगा. त्याला घरोघरी जाऊ द्या. घर बदलायला का लावता?"

केतकीने ते इंग्रजीत सांगितले. माझ्या मराठीहून ते लांबले, यावरून तिने पदरचे काही घातले असावे. मग क्लाउस म्हणाले, "माझ्याकडे मंगळवार मोकळा आहे." सगळे हसले आणि त्या हसण्यात गाठ सुटली. रुग्णांचे आवाज लीड्सला टिपायचे, तारेवरून लेस्टरला यायचे, रेघा बुडापेस्टला जायच्या, नवा कान जर्मनीत घडायचा, आणि लोंढ्यांनी ठरल्या दिवशी पहाटेच्या गाडीने लीड्सला जाऊन संध्याकाळी परत यायचे. केतकी म्हणाली, अर्ज यामुळे दुबळा नाही, उलट बळकट झाला. निधी देणाऱ्यांना हेच हवे असते, की ज्याच्याजवळ जे आहे, ते त्याने तिथूनच द्यावे.

पुढे ब्रसेल्सला मुलाखत झाली. लोंढे सकाळच्या विमानाने गेले. परीक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे देण्याआधी त्यांनी तिथले टेबल वाजवले, हे केतकीने मला शपथेवर सांगितले. सगळे भागीदार संध्याकाळी एकत्र जेवणार होते. लोंढे नमस्कार करून विमानतळाकडे पळाले. क्लाउसना वाईट वाटले. इलोनाबाई म्हणाल्या, "असू द्या. त्यांना कोणीतरी धरून ठेवलंय."

निधी मंजूर झाला. वार्ता येताच लोंढ्यांनी मला विचारले, "गुरुजी, सत्यनारायण घालू या का? पण आरती अंधाराआधी आटपेल ना?" मी म्हटले, सत्यनारायण म्हणजे लीड्सची गाडी नव्हे. तरी शक्यतो पाहू.

नाहीच आटपली. लोंढ्यांच्या घरी मंडळी उशिरा आली, प्रसादाचा शिरा करपून पुन्हा करावा लागला. आरती सुरू झाली तेव्हा खिडकीत संधिप्रकाश होता. मुलांनी टाळ धरले होते, सगळे टाळ्या वाजवीत होते, माझ्या हातात वडिलांची घंटा. यजमान म्हणून लोंढ्यांच्या हातात निरांजनाचे तबक. आरती मध्यावर आली आणि लोंढे थांबले. देवाकडे कोणा यजमानाने अशी पाठ फिरवलेली मी पाहिली नव्हती. त्यांनी तबक केतकीच्या हाती दिले, "एक मिनिट, सगळे गप्प," असे म्हणाले आणि शेजारच्या घराशी सामाईक असलेल्या भिंतीपाशी गेले.

टाळ थांबले. मी घंटेचा लोलक मुठीत धरला.

लोंढ्यांनी पेराने भिंत वाजवली. टक् टक्. मग तळहात भिंतीवर ठेवून उभे राहिले. उत्तर आले नाही. त्यांचा चेहरा मी कधी इतका उघडा पाहिला नव्हता. शिऱ्याचा वास, निरांजनाची वात आणि भिंतीवर हात ठेवलेला तो माणूस. पुन्हा टक् टक्.

आणि मग पलीकडून, हळू, काठीने असावे तसे: टक्. टक्.

लोंढ्यांनी श्वास सोडला, तबक परत घेतले आणि म्हणाले, "हं, गुरुजी. चला."

प्रसाद वाटताना मी त्यांना बाजूला घेतले. ते सांगू लागले, तेही भिंतीकडे पाहतच. पलीकडे मिसेस व्हिटेकर राहतात. वय नव्वदीच्या घरात, माणूसकाणूस नाही, ऐकू येत नाही, म्हणून टेलिफोन निरुपयोगी. लोंढ्यांची पत्नी वारली, त्या संध्याकाळी घर रिकामे झाल्यावर भिंतीवर टकटक झाली. एवढेच. लोंढ्यांनी टकटक करून उत्तर दिले. बाई हात भिंतीला लावून बसतात, त्यांना हादरा कळतो. तेव्हापासून रोज दिवेलागणीला दोघे एकमेकांना विचारतात आणि सांगतात.

"त्यांचा खुबा धातूचा," लोंढे म्हणाले. "जिन्यावरची त्यांची पावलं बदललेली मला भिंतीतून कळली. विचारलं, तर म्हणाल्या, आय ॲम फाइन, लव्ह. चित्रातही काही नव्हतं. पुढे सांधा सुटला, तेव्हा सगळ्यांना दिसलं. गुरुजी, मला ऐकू आलं होतं. सांगायला माझ्याजवळ नुसता कान होता, पुरावा नव्हता. म्हणून हे यंत्र."

मी आणि केतकी प्रसाद घेऊन शेजारी गेलो. दारावरच्या घंटेचे बटण दाबताच आत दिवा लुकलुकला. तो लोंढ्यांनीच बसवला होता. बाईंनी आधाराला धरलेली चालण्याची चौकट सरकवीत सावकाश दार उघडले. केतकीचे ओठ त्या लक्षपूर्वक वाचीत होत्या. मग म्हणाल्या, "आज भिंत बराच वेळ नाचत होती. पार्टी होती ना? मग एकदम थांबली. तेव्हा कळलं, आता तो येतोय."

केतकीने विचारले, मग उत्तर द्यायला एवढा वेळ का लागला.

"उशीर त्याने केला," बाई म्हणाल्या. "त्यालाही थोडं थांबू दे, म्हटलं."

हे मी परत येऊन लोंढ्यांना सांगितले. मंडळी गेली होती. चौरंगाजवळ ते एकटेच फुले गोळा करीत होते. घर रिकामे होत आले की तिथला प्रत्येक आवाज मोठा होतो. त्यांच्या ताटाचा, नळाचा, घड्याळाचा. ते ऐकत थोडा वेळ उभे राहिले. मग हसले.

"रागावल्या नव्हत्या हो. रागावल्या असत्या, तर टकटक जोरात आली असती. आतून काय म्हणत होतं, ते मी ऐकलं."

वाचकहो, तो सुपारीएवढा कान आता वाटाण्याएवढा झाला आहे. लीड्सच्या रुग्णांच्या कमरेवर तो ऐकत असतो, आणि त्यांतल्या काहींना वेळेवर सावध करता आले आहे. पुष्कळ काम उरले आहे आणि चौघेही ते निष्ठेने करीत आहेत. श्रीगजानन त्यांना यश देवो. आणि आपण, जे हे वाचीत आहात, त्या आपल्या घरी अन्न, आरोग्य आणि विद्या नांदोत. आपल्या मुलाबाळांना परक्या घरांतही आपला एक वार मिळो. आणि दिवेलागणीच्या वेळी आपण भिंतीवर हात ठेवाल, तेव्हा पलीकडून, थोड्या रुसव्याने का होईना, उत्तर येवो. शुभं भवतु.